एकशे अठरा फेकी

मी ग्लोव्ह आहे, कॅचरचा. आणि मी रागावलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी "एवढं कशाला चिडायचं" असं म्हणायला नको.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानाच्या मध्यावर मातीचा एक उंचवटा असतो. तिथून पिचर चेंडू फेकतो. समोर बॅटवाला उभा असतो आणि त्याच्या मागे उकिडवा बसून जो झेलतो तो कॅचर. बॅटला न लागलेला प्रत्येक चेंडू माझ्यात येऊन आदळतो. त्यामुळे पिचरचा हात कसा चाललाय हे मैदानावर सगळ्यात आधी मला कळतं. शिकवणाऱ्या सरांना त्यानंतर, आईबापांना त्याहून नंतर, आणि डॉक्टरांना कळतं तेव्हा कळून फारसा उपयोग राहिलेला नसतो.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे दिवसभर चामड्याचा वास आणि लाकडी हातोड्याचा आवाज. मला घडवणारी बाई दातांत चामड्याची वादी धरून दुसऱ्या हाताने जाड सुई ओढायची. माझ्या अंगठ्याजवळचा एक टाका सैल पडला, तेव्हा तिने तो उसवला आणि पुन्हा घातला. मुकादम म्हणाला, "कोण बघतंय?"

"चेंडू बघेल," ती म्हणाली.

एवढं एकच वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं. पण पुढे आयुष्यात जी माणसं भेटली, त्यातल्या फार थोड्यांना त्या बाईची अक्कल होती.

माझा पहिला मालक लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या खाचेत लोंबकळून दोर तपासायचा आणि सुट्टीच्या दिवशी कंपनीच्या संघात कॅचर म्हणून बसायचा. नवा ग्लोव्ह लाकडासारखा कडक असतो. शेजाऱ्याने त्याला सल्ला दिला, गरम पाण्यात बुडव, दोन तासांत मऊ होईल. त्याने ऐकलं नाही. रोज बोटाच्या टोकावर थोडंसं तेल घेऊन चोळलं, रोज पन्नास चेंडू झेलले, आणि झोपताना माझ्यात एक चेंडू ठेवून वर जुन्या धोतराची पट्टी बांधली. दीड महिना लागला. पण त्यानंतर मी त्याच्या तळहाताइतका त्याचा झालो.

त्याला दोन मुली. थोरली आणि धाकटी, तीन वर्षांचं अंतर. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्याने मला थोरलीच्या हातात घातलं. म्हणाला, "ह्याच्यावर बसायचं नाही. भिजला तर उन्हात टाकायचं नाही, सावलीत वाळवायचं. आणि चेंडूवर झडप घालायची नाही. येऊ द्यायचा. कोपर सैल ठेव, अंडं झेलतेस असं समज."

थोरली शिकली. मातीत आपटून येणाऱ्या चेंडूला आधी मला खाली टेकवायची, मग गुडघे, मग हनुवटी छातीला. मोकळा हात पाठीमागे, नाहीतर बोटं मोडतात. मुलगी मुळात शांत. तिच्या हातात मी सुखी होतो.

धाकटी वेगळी. तिला झेलायचं नव्हतं, फेकायचं होतं. इमारतीच्या मागच्या फरशीवर बाप दोघींना घेऊन उभा राहायचा. आधी अंगाला घाम येईपर्यंत पळायचं, मग खांदे फिरवायचे, मग जवळून हळू फेकायचं, मग एकेक पाऊल मागे. "हाताने फेकू नकोस," तो म्हणायचा, "हात शेवटी येतो. आधी पाय, मग कंबर, मग खांदा. हात हा नुसता टपाल पोचवणारा आहे." तो मोठ्याने मोजायचा. चाळीस झाल्या की म्हणायचा, "बस."

"बाबा, अजून पाच."

"उद्या."

ती पाय आपटायची, तोंड फुगवायची. पण दुसऱ्या दिवशी तिचा चेंडू माझ्यात यायचा तेव्हा टाळीसारखा आवाज व्हायचा. असा आवाज ताज्या हाताचाच येतो. शिकवणाऱ्यांना सांगतो, वेग मोजायचं यंत्र घेण्याआधी कान द्या.

धाकटी तेरा वर्षांची झाली आणि दोघी क्लबात गेल्या. तिथे सर होते.

सरांना खेळ येत नव्हता असं मी म्हणणार नाही. खोटं का बोलू? त्यांना चाली कळायच्या, समोरच्याची कमजोरी दिसायची. पण त्यांच्या कपाटात अकरा करंडक होते आणि त्यांना बारावा हवा होता. मुलींचे हात म्हणजे त्यांच्या लेखी दारातली पाण्याची टाकी. नळ सोडला की यायलाच पाहिजे.

"हात दुखतोय? छान. म्हणजे तयार होतोय," ते सांगायचे.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की अजून माझी वादी ताठ होते. ऐका. पायाचे आणि पाठीचे स्नायू दुखले तर दुसऱ्या दिवशी बरे होतात. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर ते तयार होणं नाही. तिथे थांबायचं. यात मत नसतं.

धाकटी चौदाची असताना त्यांनी तिला वळणारा चेंडू शिकवला. तिचे सरळ चेंडू अजून दहातले चार इकडेतिकडे जात होते. आधी सरळ चेंडू, मग तोच हात तसाच ठेवून, चेंडू तळहातात खोल धरून टाकलेला हळू चेंडू. दोन्ही पक्के झाले, हाडं भरली, की मग मनगट वळवायचं बघा. पण हळू चेंडूला प्रेक्षक टाळ्या वाजवत नाहीत.

बापाला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. एकदा तो मैदानाच्या कडेला येऊन म्हणाला, "सर, आठवड्यातून पाच दिवस जास्त होतंय."

सर हसले. "तुम्ही लिफ्ट बघा. हे माझ्यावर सोडा."

आणि त्याने सोडलं. सरांच्या भिंतीवर प्रमाणपत्रं होती, याच्या बोटांना वंगण लागलेलं होतं. तो गप्प बसला. त्याचाही मला राग आहे.

आता त्या दिवसाबद्दल सांगतो.

शेवटचा सामना होता. धाकटी सोळाची. कठड्यापलीकडच्या बाकांवर निवड समितीचे तिघं बसले होते. त्या स्पर्धेत नियम होता, या वयाच्या पिचरने दिवसात नव्वद फेकी टाकायच्या, वर नाही. दोन्ही संघांचा एकेक माणूस मोजायचा. त्या दिवशी समोरच्या संघाचा मोजणारा आजारी होता, आणि आमच्या बाजूचं टिकटिक दाबायचं यंत्र सरांच्या खिशात होतं.

मला यंत्र लागत नाही. फेक झाली की ती माझ्यात येवो किंवा बॅटला लागून जावो, तिच्या आधी मला उघडून समोर धरावंच लागतं. म्हणून माझी मोजणी चुकत नाही.

सत्तरीपर्यंत ती ठीक होती. ऐंशीनंतर तिचं कोपर खांद्याच्या खाली यायला लागलं आणि चेंडू वर जायला लागला. ही पहिली खूण. मग दोन फेकींमधली वेळ वाढली, ही दुसरी. ती बोटं झटकायला लागली, टोपी सारखी नीट करायला लागली. आणि माझ्यातला आवाज टाळीचा राहिला नाही. ओला कपडा फरशीवर टाकावा तसा थप्प झाला.

पंच्याण्णवाव्या फेकीनंतर थोरली उठून उंचवट्यावर गेली. मी दोघींच्या तोंडासमोर, कोणी ओठ वाचू नयेत म्हणून.

"काय होतंय?"

"कोपर आतून जळतंय."

"सरांना सांगू?"

"नको, ताई. ते तिघं बसलेत. एकच इनिंग राहिली."

थोरली परत आली. सातांपैकी सहावी इनिंग संपली तेव्हा एकशे एक झाल्या होत्या. म्हातारे पंच कमरेवर हात ठेवून आले.

"किती झाल्या?"

"सत्तर," सर म्हणाले. खिशातून हात न काढता.

पंचांना पटलं नसावं. ते थोरलीकडे वळले. "बाळ, तू झेलतेस. तू सांग."

थोरलीने सरांकडे पाहिलं. सर तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते, दूर कुठेतरी झाडाकडे बघत होते. त्यांना खात्री होती.

"सत्तर," थोरली म्हणाली.

माझ्या हाती असतं तर तिच्या हातून गळून पडलो असतो. तोंड असतं तर तिथेच बोललो असतो. मी चामड्याचा. चामडं गप्प बसतं.

सतरा फेकी आणखी. शेवटची मातीत आपटून आली. त्या फेकीच्या वेळी उंचवट्यावरून एक बारीक आवाज आला, ओली फांदी मोडल्यासारखा. बॅटवालीने बॅट फिरवली आणि ती हुकली. तीनदा हुकलं की बॅटवाली बाद, पण तिसरा चेंडू जमिनीला टेकून आला की तिला पळायची मुभा असते, म्हणून थोरलीने मला चेंडूसकट तिच्या पाठीला लावलं. खेळ संपला. शेवटचा गडी माझ्याच अंगाने बाद झाला, हे मला आजही धुऊन टाकता येत नाही.

आमच्या मुली ओरडत धावल्या. धाकटी कोपर धरून गुडघ्यांवर बसली होती. त्यांना वाटलं आनंदाने बसली. त्यांनी तिला तशीच खांद्यावर उचलली. ती "खाली ठेवा, खाली ठेवा" म्हणत होती आणि वर टाळ्या चालल्या होत्या. सरांना बारावा करंडक मिळाला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरून दाखवला. कोपराच्या आतला बंध तुटला होता. शस्त्रक्रिया होईल, रोजची कामं करता येतील, लिहिता येईल. "फेकणं?" बापाने विचारलं. त्या म्हणाल्या, "ही एका दिवसाची इजा नाही. दोन-तीन वर्षं झिजत आलंय. कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

रात्रीचं जेवण झाल्यावर बाप स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "दोराची एक तार तुटली ना, की मी लिफ्ट बंद करतो. लोक मला शिव्या घालत आठ मजले चढतात. तरी बंद करतो. आणि घरातल्या पोरीला दुसऱ्याच्या भरवशावर सोडलं." मग त्याने भांडी घासायला घेतली. आईने त्याच्या हातातून ती काढून घेतली नाहीत.

तीन आठवड्यांनी धाकटी डाव्या हाताने जेवताना एकदम म्हणाली, "तू झेलत होतीस, ताई. तुला कळत होतं."

"तूच म्हणालीस, सांगू नको."

"मी नकोच म्हणणार. पिचर नेहमी नकोच म्हणतो. म्हणून तर कॅचर लागतो."

बेसबॉलवर लिहिलेल्या जाडजूड पुस्तकांत याहून कामाचं वाक्य असेल तर मला दाखवा.

त्या महिन्यात क्लबात पालकांची सभा होती, करंडकाच्या कौतुकाची. थोरली मला काखेत घेऊन गेली. सगळ्यांची भाषणं झाल्यावर उभी राहिली. "त्या दिवशी सत्तर नव्हत्या. एकशे एक होत्या. शेवटी एकशे अठरा झाल्या. मी पंचांना खोटं सांगितलं."

खुर्च्या कुरकुरल्या. एका मुलीची आई म्हणाली, "सगळ्यांचेच हात दुखतात गं. खेळ म्हटलं की चालायचंच." अध्यक्ष म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. क्लबाच्या नावाचा विचार कर."

सर शांतपणे उठले. "मी तिला जबरदस्ती केली नव्हती. ती तयार होती. आणि आकडा तर तूच सांगितलास."

"हो," थोरली म्हणाली. "मीच सांगितला. म्हणून मीच आज खरा सांगतेय."

तिने स्पर्धेच्या कार्यालयालाही लिहून कळवलं. चौकशी झाली. खोटी माहिती दिली म्हणून थोरलीला एक वर्षाची बंदी. सरांना लेखी ताकीद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ताकिदीचा कागद सरांनी बहुधा कपाटात बाराव्या करंडकाखाली घातला असेल.

थोरलीने मला माळ्यावर टाकलं. भिंतीला ओल होती. मला पांढरी बुरशी आली, उंदरांनी एक वादी कुरतडली. दोन वर्षं. त्या अंधारात माझा राग आधी सरांवर होता, मग बापावर, मग थोरलीवर. शेवटी तो माझ्यावरच येऊन बसला. चेंडू झेलायला दहा वर्षं शिकलो आणि एकदा, एकदाच, सोडायला हवा होता तो सोडला नाही.

मला खाली काढलं धाकटीने. डाव्या हाताने. कोरड्या फडक्याने बुरशी पुसली, तेल लावलं, तुटलेली वादी काढून नवी ओवली. मग मला थोरलीच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं.

"बाटल्यांच्या कारखान्यामागे मोकळी जागा आहे," ती म्हणाली. "नऊ मुली येतील. मी बोलून आलेय."

"मी? मी कोणाला काय शिकवू?"

"तू काय करू नये ते तुला माहितीये. बाकी मी सांगेन."

असा आमचा संघ सुरू झाला. करंडकाचं कपाट नाही, कपाट ठेवायला खोलीच नाही. थोरली झेलायला शिकवते. धाकटी बाजूला स्टुलावर बसून प्रत्येक पिचरच्या फेकी वहीत लिहिते, सरावातल्याही, घरी भिंतीवर टाकलेल्या विचारून त्याही. हात फक्त सामन्यात झिजत नाही. जास्त फेकी झाल्या तर चार दिवस चेंडूला शिवायचं नाही. वर्षातले तीन महिने फेकणं बंद, त्या दिवसांत पोहा, पळा, फुटबॉल खेळा. एक मुलगी रडली, "मग मी मागे पडेन." धाकटीने तिला नुसतं "पड" म्हटलं आणि पुढची ओळ लिहिली.

आम्ही हरतो. पुष्कळ हरतो. त्याचा मला राग येत नाही, हे बघून मीच चकित होतो.

गेल्या महिन्यात आमचा सामना सरांच्या संघाशी होता. त्यांची नवी पिचर पंधरा वर्षांची, उंच, लांब वेणी, फेकताना ओठ चावायची सवय. पहिल्या दोन इनिंगमध्ये तिचे चेंडू त्यांच्या ग्लोव्हमध्ये टाळीसारखे वाजत होते. पाचवीत ते वाजेनासे झाले. मला पन्नास पावलांवरून ऐकू आलं. धाकटी स्टुलावरून उठली.

इनिंग संपली तेव्हा ती थेट पलीकडच्या बाकांकडे चालत गेली. थोरली मला हातात घालूनच तिच्यामागे. ती मुलगी पाणी पीत होती, बाटली डाव्या हातात. कठड्याला टेकून तिची आई उभी होती, इस्पितळातल्या कपडे धुण्याच्या कामावरून तशीच आलेली, हातांना साबणाचा वास.

धाकटीने कोपर कसं आहे, दुखतंय का, असलं काही विचारलं नाही. त्याला 'नाही' हेच उत्तर येतं.

"सकाळी केस तुझे तू विंचरतेस का?" तिने विचारलं.

मुलीने बाटली खाली ठेवली. आईकडे बघितलं आणि मान खाली घातली.

आईने तिची वेणी हातात घेतली. मग म्हणाली, "म्हणून पंधरा दिवस झाले माझ्याकडून घालून घेतेस? मला वाटलं, लाडात आलीये."

"आई, दोनच इनिंग राहिल्यात."

सर आले. आता केस पिकले होते. धाकटीला त्यांनी ओळखलं की नाही, मला कळलं नाही. "काय चाललंय इथे? चला, मैदानावर."

"ती आज टाकणार नाही," आई म्हणाली.

"बाई, तुम्हाला खेळातलं कळत नाही. दोन इनिंगचा प्रश्न आहे."

"मग तुम्ही टाका," आई म्हणाली आणि मुलीची पिशवी बाकावरून उचलून स्वतःच्या खांद्याला लावली.

त्या दोघी फाटकातून बाहेर गेल्या. आई पुढे, मुलगी एक पाऊल मागे, रडत आणि चिडत. रडू दे. चिडूही दे. तिला राग यायचा तो आईवर येऊ दे, आई तो झेलेल. सामना त्यानंतरही आम्ही हरलोच. सरांची दुसरी पिचर चांगली निघाली.

आता मी म्हातारा झालोय. माझ्या तळव्याचं चामडं पातळ झालंय, जोरात चेंडू आला तर थोरलीला तळहाताला लागतं. या मोसमानंतर ती दुसरा घेईल, घ्यायलाच हवा. जाण्याचं मला काही वाटत नाही. पण माझा राग उतरला असेल असं कोणी समजू नये. सर अजून शिकवतात. त्यांच्यासारखे सगळीकडे आहेत, आणि त्यांना मुलं नेऊन देणारे त्यांच्याहून जास्त आहेत.

तुमच्या घरी कोणी फेकणारं असेल तर आज जाऊन त्याचा ग्लोव्हवाला सोबती कोण आहे ते शोधा. त्याला एकटं गाठा आणि विचारा, आवाज कसा येतो. तो खरं सांगेपर्यंत तिथून हलू नका. आम्ही ग्लोव्ह काही बोलू शकत नाही. पण तुम्हाला तर तोंड दिलंय.